ग्रामीण रुग्णालयात सगळं मोफत, मग खर्च कोण भागवतं? आणि तरी औषध बाहेरून विकत आणायची चिठ्ठी का?

पैसा सरकारचाच, पण तो वेगवेगळ्या खिशांतून येतो. कायम डॉक्टर-नर्सचे पगार राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या बजेटमधून, आणि खर्चाचा मोठा वाटा तोच. कंत्राटी माणसं आणि बरेचसे कार्यक्रम राष्ट्रीय आरोग्य अभियानातून चालतात. त्यात केंद्र ६०, राज्य ४० टक्के.

१५ ऑगस्ट २०२३ पासून या विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट झाला. रुग्णाच्या दृष्टीने उत्तमच. फक्त ते शुल्क जमा होत होतं रुग्ण कल्याण समितीकडे, म्हणजे रुग्णालयाचा किरकोळ खर्च पाहणाऱ्या स्थानिक समितीकडे, आणि बंद पडलेला बल्ब, जनरेटरचं डिझेल, तुंबलेलं गटार असल्या गोष्टींना हाच हाताशी असलेला पैसा उपयोगी पडायचा. आता समितीची भिस्त मुख्यतः अनुदानावर, आणि ते कधी येईल ते येईल.

बाहेरच्या चिठ्ठीचं म्हणाल तर दर वेळी पैसाच नसतो असं नाही. रुग्णालय मागणी पाठवतं, खरेदी मात्र राज्य पातळीवर होते. आधी ती हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती. २०२३ मध्ये त्यासाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. निविदा रखडली की औषधाच्या खिडकीवर मधुमेहाची मेटफॉर्मिन 'नाही', आणि शेजारी कुणी न मागितलेल्या सिरपची खोकी. अशा वेळी स्थानिक खरेदी करता येते, पण पुढे ऑडिटला उत्तर कोण देणार म्हणून रुग्णालयाचे प्रमुख, म्हणजे अधीक्षक, कचरतात.

तुम्हाला चिठ्ठी दिलीच, तर थेट अधीक्षकांकडे जा आणि स्थानिक खरेदीतून औषध द्या म्हणून लेखी अर्ज करा. तोंडी विनंतीला कुणी विचारत नाही.