सत्तरीच्या शाकाहारी आईला घेऊन चीनमधल्या श्यामेनला जावं का? काय काळजी घ्यावी?

जावं. बिनधास्त जावं. प्रश्नात तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात "चीनमध्ये व्हेज माणूस उपाशी मरेल, आईचे हाल करू नका", ते वाचूनच उत्तर लिहायला बसले, कारण हेच वाक्य शब्दशः आमच्या दादाने मला ऐकवलं होतं आणि वर वहिनीने "या वयात कशाला" जोडलं होतं. दादा चीनला गेलेला नाही. तुमचे घरचे गेलेत का, ते आधी विचारा.

माझा नवरा तेव्हा कामासाठी तिकडे होता, मी आईला घेऊन ऑक्टोबरच्या शेवटी गेले. म्हणजे तिचा चातुर्मास चालू. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. दादाचं म्हणणं होतं की चातुर्मास संपू दे नाहीतर जाऊच नको. आई म्हणाली मी मला काय ते बघते.

आता श्यामेनचं खाणं म्हणजे खरं सांगायचं तर समुद्र आणि डुक्कर. कालवांचं ऑम्लेट, शाचा नूडल्स (त्यातला रस्सा दिसतो शेंगदाण्याचा पण त्यात कोळंबी असते), आणि साध्या पालेभाजीलाही बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी घालतात. त्यामुळे "मांस नको" एवढंच सांगून भागत नाही, मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच रस्सा समोर येतो. मोबाईलवर चिनीत लिहून ठेवा की बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण हवं, अंडं नाही, रस्साही मांसाचा नको, आणि ते लिहिलेलं दाखवा. बौद्ध म्हटलं की त्यांना बरोबर कळतं कारण त्यांच्या मठातल्या जेवणातही कांदा-लसूण वर्ज्य असतो! हे दादाला माहीतच नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

आम्ही नानपुतुओ मंदिरात गेलो, श्यामेन विद्यापीठाच्या शेजारीच आहे, पाठीमागे डोंगर. आतच त्यांचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे. टेबलावर पहिली डिश आली ती हुबेहूब सॉसेजसारखी दिसणारी, आईने ताट लांब सारलं आणि माझ्याकडे अशी बघितली की मला वाटलं आता दादाला फोन जाणार. वाढणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील, त्यांनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, चॉपस्टिकने तो तुकडा मधून उकलून आतले पांढरे धागे दाखवले (गव्हाच्या पिठातलं चिकट सत्त्व असतं ते, पीठ धुऊन धुऊन काढतात), मग मंदिराच्या दिशेने हात जोडले आणि पुन्हा ताटाकडे बोट केलं. आईने एक घास खाल्ला. मग दुसरा. मग मशरूमचं ते प्रसिद्ध पातळ सूप आलं, ते तिने दोनदा मागितलं. वांग्याची डिश तेवढी तशीच ठेवली, त्या बाईंनी न विचारता उचलून नेली आणि त्याजागी टोफू आणून ठेवला. पैसे घ्यायला नकार दिला वगैरे काही नाही, बिल व्यवस्थित लागलं, पण माझ्या आईला सासरी-माहेरी कुणी इतकं समजून वाढलेलं मला आठवत नाही. संध्याकाळी तिने स्वतः दादाला फोन करून मेनू सांगितला. दादा म्हणाला, "एक दिवस मिळालं म्हणजे रोज मिळेल असं नाही."

रोज मिळालं. फळं ढीगभर, रताळी आणि कणसं वाफवून रस्त्यावर मिळतात, शेंगदाण्याचं गोड सूप मिळतं (अंडं घालू नका सांगा). गरम पाणी स्टेशनवर, हॉटेलात, सगळीकडे फुकट, त्यामुळे थर्मास आणि उपमा-पोह्याची पाकिटं न्या, सकाळचा प्रश्न मिटतो. एक मात्र लक्षात ठेवा, मूगडाळीच्या सारणाचे जे छोटे गोल केक सगळे विकतात त्यात पारंपरिक पद्धतीने चरबी असते, मंदिराच्या दुकानातले घ्या, ते तेलातले. आणि पौर्णिमा-अमावास्येला तिथले लोकही शाकाहार पाळतात, त्या दिवशी अशा रेस्टॉरंटमध्ये गर्दी असते, लवकर जा.

श्यामेनच्या समोरच्या कुलांगयु बेटावर जायचंच. युनेस्कोच्या यादीत आहे 2017 पासून, जुने कॉन्सुलेट, बंगले, पियानोचं म्युझियम, आणि गाड्या नाहीत, सायकलसुद्धा नाही. लोक सांगतात "गाड्या नाहीत म्हणजे म्हाताऱ्यांना चालवणार नाही", उलट आहे, हॉर्न नाही, धक्का नाही, आई मजेत चालली, फक्त सनलाइट रॉक नावाच्या टेकडीच्या पायऱ्या तिला टाळायला लावल्या. बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचं तिकीट पासपोर्टवर आधी बुक करा, रोजच्या माणसांवर मर्यादा आहे. दिवसा पर्यटकांच्या बोटी तोंगतूच्या क्रूझ टर्मिनलवरून सुटतात, झोंगशान रोडजवळचा धक्का दिवसा स्थानिकांसाठी, तिकडे जाऊन उभे राहू नका.

एक दिवस शेजारच्या छ्वेनचौ शहराला द्या, फास्ट ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास. तिथल्या कायय्वान मंदिरात मुख्य सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन दगडी खांब आहेत, तमिळ व्यापाऱ्यांनी तेराव्या शतकात बांधलेल्या शिवमंदिराचे. त्यावर कृष्ण आहे, नरसिंह आहे. आईने चष्मा पुसून नरसिंह ओळखला आणि तिथेच उभी राहून स्तोत्र म्हटलं. एकही ग्रुप टूरवाला तिथे थांबत नव्हता, पुढून फोटो काढून जात होते. म्हणून सांगते टूरबरोबर जाऊ नका, आईच्या चालीने जा.

बाकी पैसे अलिपेवर (मोबाईलवरून पैसे द्यायचं तिथलं ॲप), निघायच्या आधी इथेच व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा आणि कार्डाचं इंटरनॅशनल चालू करा, दोनशे युआनच्या वरच्या पेमेंटला तीन टक्के चार्ज लागतो. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर व्हॉट्सॲप चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. गूगल मॅपवर विसंबू नका.

1 ते 7 ऑक्टोबर त्यांची राष्ट्रीय सुट्टी, तेव्हा अजिबात नको. जुलै ते सप्टेंबर वादळांचा काळ, तेव्हा फेरीबोटी बंद पडतात. किती दिवस हे विचारलंत, ते आईच्या गुडघ्यांवर आहे, पण आठवड्याच्या आत उरकू नका. आणि हो, माझी आई हिंडती-फिरती आहे, तुमच्या आईंना हार्टचा वगैरे त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, उकिडवं बसायचे संडास अजून बऱ्याच ठिकाणी आहेत आणि टिश्यू स्वतःचे न्यावे लागतात.

पण हे सगळं आईंना विचारलंत का? प्रश्नात घरच्यांचं मत लिहिलंय, तुमचं लिहिलंय, आईंचं कुठे नाहीये. आमच्याकडेही दादा, वहिनी, मी, तिघं भांडत होतो आणि ती आत बसून ट्रॅव्हलचं पुस्तक वाचत होती. दादा अजून म्हणतो की नशीब चांगलं म्हणून निभावलं. त्याने परवा तिला न विचारता तिचा पासपोर्ट रिन्यू करायचा नाही असं ठरवलं होतं, मी शनिवारी अपॉइंटमेंट घेतलीय, तुम्हीही आईंच्या पासपोर्टची तारीख आधी बघा, सहा महिने तरी शिल्लक लागतात.