वडिलांना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) आहे. पुन्हा सिरियस झाले तर व्हेंटिलेटर लावायचं का, हे त्यांना कसं विचारू?

मी अमळनेरकडचा, आमच्या आईचं हेच होतं. बिडी कधी शिवली नाही तिने, पण चाळीस वर्षं पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे काढली. पहिल्यांदा अॅडमिट केली तेव्हा तिला कोणीच काही विचारलेलं नव्हतं, रात्री अडीचला फॉर्म पुढे आला, दादाने सही केली, नळी टाकली. नवव्या दिवशी निघाली हे नशीब, नाहीतर या आजारात फुफ्फुसं आधीच थकलेली असतात त्यामुळे मशीनवरून सुटणं अवघड जातं. घरी आल्यावर आठ दिवस आमच्याशी धड बोलली नाही.

मग आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणी आल्या होत्या, आई बरी होती, बाजेवर बसलेली, तेव्हा विषय काढला. व्हेंटिलेटर लावायचं का असं सरळ विचारू नका, म्हातारी माणसं 'तुमले पटस ते करा' म्हणून मोकळी होतात. मी विचारलं, परत तसं झालं तर तुला भीती कशाची वाटते? म्हणे, "मरानी नही, दम कोंडास तेनी." नळी नको, मास्क चालेल, असं तिनेच सांगितलं. मास्क म्हणजे बायपॅप, मशीन तोंडानाकावरच्या मास्कमधून हवा ढकलतं, त्यात घशात काही जात नाही, मधे काढून दोन घास खाता येतात. 'नळी नको' म्हणजे 'इलाज नको' नाही, हे आमच्या घरातच निम्म्यांना कळत नव्हतं.

दम कोंडण्यावर डॉक्टर तोंडी मॉर्फिनचा अगदी लहान डोस देऊ शकतात, आणि तोंडासमोर छोटा पंखा धरला तरी बरं वाटतं, हसू नका. ऑक्सिजनचा नळ मात्र स्वतः फिरवू नका, सीओपीडीत रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा साधारण ८८ ते ९२ टक्केच ठेवतात. आम्ही ९८ करायला गेलो, सिस्टरच्या शिव्या खाल्ल्या.

कागदही करता येतो. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते इलाज नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, २०२३ ला सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. पण कागदापेक्षा घरचे जड जातात, सुरतहून आलेला चुलतभाऊ आयसीयूबाहेर सगळ्यांसमोर म्हणाला, पैसे वाचवताय का? म्हणून वडील बोलतील तेव्हा असे सगळे तिथे बसलेले हवेत.

तुमचे वडील उलटंही म्हणतील. आमच्या गल्लीतले एक काका म्हणाले, नातीचं लग्न होईस्तोवर जे लागेल ते लावा, तर त्यांच्यासाठी तेच बरोबर. उत्तर बदलतं पण, दर अॅडमिटनंतर परत विचारा. आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांकडून रात्री घरी दम लागला तर काय द्यायचं हे लिहूनच आणा.