कॉलेजच्या आवारात दिवसभर ब्रेकर चालू आहे, लेक्चरचं काय करायचं? – माझं उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, पुण्याजवळचं कॉलेज, वर्गाच्या मागेच नव्या बिल्डिंगचं खोदकाम, दहा ते पाच पोकलेनचा ब्रेकर (खोदाईच्या मशीनला लावलेला, दगड फोडणारा हातोडा), सर दर दोन मिनिटांनी थांबतात, इनसेम (सत्रातली मधली परीक्षा) तोंडावर आलीये आणि ऑफिसात गेलात तर "विकासकाम आहे, थोडं सहन करा" एवढंच उत्तर मिळालं. तू विचारलंयस की पोलिसात जायचं का, शांतता क्षेत्राचा ५० डेसिबलचा नियम आपल्याला लागू होतो का, आणि आपण उगाच कुरकुर तर करत नाही ना.

शेवटच्याचं उत्तर आधी देते, उगाच अजिबात नाही. मी सिव्हिल शिकवते, बरीच वर्षं झाली, साइटवर उभं राहून काम करून घेतलंय आणि साइटला लागून असलेल्या वर्गात फळ्यापुढे उभं राहून घसाही बसवून घेतलाय, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून माहीत आहेत. कॉन्ट्रॅक्टर वाईट नसतो, प्रिन्सिपलसुद्धा बहुतेक वेळा वाईट नसतात, पण बांधकामाचं वेळापत्रक एका टेबलावर बनतं आणि लेक्चरचं दुसऱ्या टेबलावर, आणि ही दोन्ही टेबलं एकाच कॉलेजची असून ते दोन कागद कधी कोणी शेजारी ठेवून बघत नाही. तुमचं भांडण त्या जागेवर आहे.

आधी हिशेब बघ, कारण "खूप आवाज येतो" म्हटलं की लोक मान हलवतात आणि विसरतात. पुण्याकडे मुरूम संपला की खाली काळा पाषाण लागतो, तो बकेटने निघत नाही, मग पोकलेनची बकेट काढून ब्रेकर लावतात आणि ते काम आठवडेच्या आठवडे चालतं. अशा ब्रेकरचा आवाज १५ मीटरवर साधारण ९० डेसिबल धरतात. अंतर दुप्पट झालं की ६ कमी होतात, म्हणजे ३० मीटरवर ८४ आणि ६० मीटरवर ७८. उघड्या खिडकीतून आत येताना अजून दहाबारा जातील, तरी वर्गात ६५ च्या वर राहतोच. आता सरांचं बोलणं घे, नेहमीचा आवाज एक मीटरवर ६० च्या आसपास, घसा ताणला तर ७०, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेपर्यंत त्यातले दहाएक गेले. शब्द न् शब्द नीट लागायचा असेल तर बोलणं आजूबाजूच्या आवाजापेक्षा १५ डेसिबलने वर हवं असतं, आणि इथं तर ते खाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्ग चालू असताना ३५ डेसिबलच्या वर पार्श्वभूमीचा आवाज नको असं म्हटलंय ते याच हिशेबाने, ३५ अधिक १५ म्हणजे ५०, एवढ्या आवाजात शिक्षकाचं साधं बोलणं मागपर्यंत पोचतं.

खिडक्या लावून घ्या असा सल्ला वर कोणीतरी दिलाय. एकेरी काचेची खिडकी घट्ट बसत असेल तर वीस-पंचवीस डेसिबल अडवते हे खरं, पण आपल्या कॉलेजांच्या सरकत्या खिडक्यांना फटी किती असतात ते बघ, आणि सत्तर मुलं, ऑक्टोबरचा उकाडा, पंखे फुल स्पीडवर, म्हणजे बाहेरचा आवाज घालवून आतला आणला. आणि समजा काम शेजारी नसून तुमच्याच बिल्डिंगवर मजला चढवायचं असतं तर खिडकीचा काहीच उपयोग नव्हता, कारण तेव्हा आवाज हवेतून येतच नाही, कॉलम आणि स्लॅबमधून अख्ख्या बिल्डिंगभर फिरतो.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. आवाजाने सगळ्यांचं सारखं नुकसान होत नाही. जो मुलगा पुढच्या बाकावर बसतो, इंग्लिश मीडियमचा आहे, क्लास लावलाय, त्याचं थोडंफार निभतं. पण जी मुलगी बारावीपर्यंत मराठीतून शिकली, गावाकडून आली, आणि इंग्रजी लेक्चर कसंबसं पकडत होती, तिची पकड पहिल्यांदा सुटते. आपल्या भाषेत अर्धा शब्द कानावर आला तरी बाकीचा आपण मनात भरून काढतो, परक्या भाषेत ते जमत नाही, आणि विषयच नवीन असेल तर मुळीच नाही. परक्या भाषेत ऐकणाऱ्याला जास्त शांतता लागते हे संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यात व्यंजनांचा जोर मुळात कमी असतो, ती आवाजात आधी बुडतात. स्ट्रेस म्हणाले की स्ट्रेन हे शेवटच्या आवाजावर ठरतं, तोच गेला तर वहीत काय लिहिलं जाणार? आणि ती मुलगी हात वर करून "सर परत सांगा" म्हणत नाही, कारण सर आधीच तीनदा थांबलेत. मी वर्गात हे पाहिलंय, अशा दिवसांत सगळ्यात आधी प्रश्न बंद होतात. मग शिक्षकही नकळत बदलतो, उदाहरणं गाळतो, डेरिव्हेशन फळ्यावर करण्याऐवजी पीपीटीवरची स्लाइड वाचून दाखवतो, कारण दर ओळीला थांबून पुन्हा सुरू करायचा कंटाळा येतो आणि घसा साथ देत नाही. हजेरीपटावर लेक्चर झालं म्हणून नोंद होते, सिलॅबस पूर्ण दिसतो, त्यामुळे हे नुकसान कुठल्या कागदावर येतच नाही.

वर्गात कोणी श्रवणयंत्र वापरणारं असेल तर त्यांचा वेगळा उल्लेख करा, यंत्र ब्रेकरचा आवाजही वाढवून देतं. अंध विद्यार्थी असेल तर त्याचं तर सगळं शिक्षणच कानावर आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणे त्यांच्यासाठी योग्य ती सोय करणं कॉलेजला बंधनकारक आहे, ही मेहेरबानी नाही.

अभ्यास काय सांगतात असं दुसऱ्या एका सदस्याने विचारलंय. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचं उदाहरण प्रसिद्ध आहे, मॅनहॅटनमधली पीएस ९८, शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वे जायची. ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये दाखवलं की रेल्वेच्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात मागे आहेत, वरच्या वर्गांत तर जवळपास वर्षभर मागे. नंतर रुळांखाली रबराचे पॅड घातले, वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं आणि पुन्हा मोजलं तेव्हा दोन्ही बाजूंतला फरक राहिला नव्हता. दुसरं म्युनिकचं, १९९२ मध्ये तिथला जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला, तेव्हा जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारलं, नव्याजवळच्यांचं घसरलं. ही लहान मुलं आहेत आणि वर्षानुवर्षांचा आवाज आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे प्रिन्सिपलपुढे ठेवू नकोस, पण आवाज थांबला की नुकसान भरून निघतं एवढं त्यातून नक्की घ्यायचं.

तुम्हाला खरा उपयोगी पडेल असा अभ्यास वेगळाच आहे. ग्लास आणि सिंगर नावाच्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोठा आवाज ऐकवत कामं करायला दिली आणि आवाज बंद झाल्यावर त्यांची चिकाटी आणि चुका तपासल्या (त्यांचं पुस्तक १९७२ चं). कधीही येणाऱ्या आवाजाने लोक जास्त थकले, ठरावीक वेळाने येणाऱ्या आवाजाने कमी. आणि काही जणांना एक बटण दिलं होतं, हवं तर आवाज बंद करा पण शक्यतो करू नका असं सांगून, त्यांनी बटण जवळजवळ वापरलंच नाही तरी नंतर ते बाकीच्यांपेक्षा चांगलं काम करू शकले. म्हणजे आवाज किती यापेक्षा तो केव्हा येणार हे माहीत असणं आणि आपल्या हातात काहीतरी असणं याने फार फरक पडतो.

म्हणूनच "काम बंद करा" ही मागणी करू नका. ती मान्य होत नाही आणि झाली तर बिल्डिंग अजून एक वर्ष लांबते, ते वर्षही तुमच्याच ज्युनियरच्या डोक्यावर. मागणी करायची ती वेळापत्रकाची. साइटवरची काही कामं हलवता येतात आणि काही येत नाहीत. स्लॅबचं काँक्रीट एकदा सुरू केलं की अर्ध्यात थांबवता येत नाही, सांधा कच्चा राहतो, तेव्हा त्या दिवशी मिक्सर आणि व्हायब्रेटर चालणारच, त्या दिवसाची सूचना आधी द्या एवढंच म्हणायचं. पण ब्रेकर, कटरने सळई कापणं, ट्रकमधून सळया उतरवणं, सेंट्रिंगच्या प्लेटा खाली टाकणं, भिंतीत वायरिंगच्या झिऱ्या मारणं, ही सगळी कामं तासांत बसवता येतात. सकाळी सात ते साडेनऊ, दुपारची सुट्टी, पाचनंतर संध्याकाळी, शनिवार-रविवार, आणि मोठं खोदकाम दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल पोकलेन तासावर भाड्याने आहे, उभं राहिलं तरी मीटर पडतो, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. पण हे तास टेंडरमध्येच लिहिले असते तर त्याने रेट तसा भरला असता. आता काम सुरू झालंय तर फरकाचे पैसे कॉलेजने द्यावेत, इमारत त्यांची आहे.

पाषाणाला दुसराही मार्ग आहे, छिद्रं पाडून त्यात फुगणारी चुनायुक्त पावडर पाण्यात कालवून भरतात आणि साधारण दिवसभरात दगड आपोआप तडकतो. छिद्रं पाडताना आवाज होतोच आणि खर्च जास्त येतो, पण तासन् तास ठोकणं वाचतं. वर्गाच्या अगदी लगतच्या भागापुरतं तरी हे विचारा.

निळे पत्रे लावलेत ना, असं ऑफिसवाले म्हणतील. पत्र्याचा उपयोग मशीन आणि कान यांच्यामधली सरळ रेषा तुटली तरच होतो, तळमजल्याला थोडा आराम मिळेल, तिसऱ्या मजल्यावरून खड्डा सरळ दिसतो म्हणजे तिथं पत्र्याचा फायदा शून्य. त्यापेक्षा वर्गांची अदलाबदल करा. वर्कशॉप, कॅड लॅब त्या बाजूला न्या आणि थिअरीची लेक्चरं लांबच्या बाजूला, बऱ्याच कॉलेजांत हे एका दुपारी टाइमटेबल कोऑर्डिनेटरबरोबर बसून होऊ शकतं. कॉलर माइकचाही उपयोग होतो, फक्त शेजारच्या वर्गाला त्रास होणार नाही एवढाच आवाज ठेवा. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन सुचवणाऱ्यांसाठी, ते जनरेटरसारख्या एकसुरी घरघरीवर चांगले चालतात, ठोक्यांवर फारसे नाहीत, आणि लेक्चरमध्ये घालून बसणार कसं. रीडिंग रूममध्ये साधे इअरप्लग पुरतात.

आता नियमाचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे, निवासी भागात ५५ आणि ४५. शाळा-कॉलेजभोवतीचा १०० मीटरचा भाग म्हणजे शांतता क्षेत्र असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केलेलं असावं लागतं, तेव्हा तुमचा भाग जाहीर आहे का ते आधी बघा. मर्यादा १० डेसिबल किंवा जास्त ओलांडली की तक्रार करता येते. पण दिवसाच्या कामासाठी, स्वतःच्याच कॉलेजविरुद्ध, पहिलं पाऊल म्हणून पोलिसात जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात महिने जातील आणि चर्चा बंद होईल. रात्रीचं मात्र वेगळं. रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकामाची यंत्रं निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात चालवायला नियमाने बंदी आहे, हॉस्टेलशेजारी अकरा वाजता ब्रेकर चालू असेल तर सरळ ११२ ला फोन करा.

दिवसासाठी एक आठवडा नोंद ठेवा. डेसिबलची नको, मोबाइल ॲपचे आकडे कोणीही खोडून काढतं. वर्ग क्रमांक, विषय, तास, आणि लेक्चर किती मिनिटं थांबलं. प्रत्येक वर्गाच्या सीआरने (वर्ग प्रतिनिधीने) एक कागद भरला तरी पुरे, आठवड्याच्या शेवटी बेरीज करून तासांत मांडा, कारण बुडालेले तास ही भाषा प्रिन्सिपल आणि ट्रस्टी दोघांनाही समजते. अर्जात तीनच गोष्टी मागा, पुढच्या पंधरा दिवसांचं कामाचं वेळापत्रक नोटीस बोर्डवर, लेक्चरच्या ठरावीक तासांत ब्रेकर बंद, आणि परीक्षेच्या दिवसांत पूर्ण बंद. परीक्षेत व्हायवाही (तोंडी परीक्षाही) धरा, लेखी परीक्षेला काम थांबवतात आणि व्हायवा सगळे विसरतात, जिथं ऐकून लगेच उत्तर द्यायचं असतं. एचओडींची (विभागप्रमुखांची) सही आधी घ्या, शिक्षकांनाही हेच हवंय, फक्त बोलायला निमित्त नसतं. अर्जाची पोच घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते, विद्यार्थी परिषद असेल तर तिचे अध्यक्ष आणि सचिव त्या समितीवर असतात, विषय तिथं न्या. तिथंही हललं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

अर्जात चौथी एक ओळ घालाल तर मला फार बरं वाटेल. ब्रेकर चालवणाऱ्या आणि खड्ड्यात उभ्या असलेल्या कामगारांना इअरमफ द्या. तुम्ही ६० मीटरवर आहात, ती माणसं दोन मीटरवर दिवसभर आहेत आणि बहुतेक साइटवर त्यांच्या कानात रुमालाचा बोळासुद्धा नसतो. त्यांचं ऐकू येणं एकदा गेलं की परत येत नाही.

तुमच्याकडे पोकलेनचाच ब्रेकर आहे की हातातलाही, आणि खोदकाम किती उरलंय, हे साइट इंजिनिअरला विचारून इथं लिही. नीट विचारलं तर ते सांगतात. मग अर्जात नेमके कुठले तास मागायचे ते आपण बसवू.