म्युझियममधला डायनासोरचा सांगाडा खरा असतो का, आणि बघून ओळखता येतं का?

कधी पूर्ण खरा, कधी पूर्ण नक्कल, पण बऱ्याचदा दोन्हींची सरमिसळ. आणि हो, थोडं जवळून पाहिलं तर ओळखता येतं. आधी हाडांऐवजी लोखंडी आधार बघा. खरं जीवाश्म म्हणजे दगडच, जड आणि ठिसूळ. त्यामुळे हल्ली त्याला भोक न पाडता बाहेरून स्टीलच्या पट्ट्यांवर आणि खोबणींवर टेकवतात. प्लास्टर किंवा रेझिनच्या प्रतिकृतीत सळई आतून जाते, बाहेर काही दिसत नाही. उलट साच्याची बारीक शिवण दिसते आणि रंग सगळीकडे एकसारखा असतो. खऱ्या हाडाला भेगा आणि भरलेल्या जागा असतात.

लंडनचा प्रसिद्ध 'डिप्पी', म्हणजे डिप्लोडोकस डायनासोरचा सांगाडा, ही 1905 साली उभी केलेली प्लास्टरची प्रतिकृती. मूळ हाडं अमेरिकेत पिट्सबर्गला आहेत. शिकागोच्या 'सू' नावाच्या टी-रेक्स डायनासोरची बहुतेक हाडं खरी, पण धडावरची कवटी नकली, कारण खरी इतकी जड की वेगळ्या काचपेटीत ठेवावी लागते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतला बारापासॉरस हा डायनासोर गोदावरी खोऱ्यातला आहे. हाडं अस्सल, पण एकाच प्राण्याची नाहीत. आणि कवटी सापडलीच नाही, मिळाले ते थोडे दात, म्हणून डोकं अंदाजानेच घडवलेलं.

मात्र जुन्या सांगाड्यांवर ही खूण चालत नाही. शंभर वर्षांपूर्वी खऱ्या हाडांनाही सर्रास भोकं पाडून सळया घालत. तिथे पाटीच वाचा: 'कास्ट' किंवा 'रेप्लिका' लिहिलं असेल तर ती नक्कल.