वडील आजारी आहेत, मन थाऱ्यावर नाही. विणकाम-शिवणकाम शिकून खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले. दिवसभर त्यांच्या उशाशी बसून असता, वाचायला घेतलं तर पान पुढे सरकत नाही. ओळखीच्या एका बाईंनी विणकाम शिकायला सांगितलं, पण शाळेनंतर तुम्ही सुई हातात धरलेली नाही. त्याने खरंच काही होतं का, असं विचारलंय.

होतं. मला झालं. पण विणण्याचा आधार वेगळ्या दिवसांत मिळाला आणि शिवण्याचा वेगळ्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१८ साली माझ्या आईला स्तनाचा कर्करोग निघाला. आम्ही कराडचे, उपचार मुंबईत. दर २१ दिवसांनी केमो, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत असेल, त्या दिवसांत खरं काम एकच असतं : थांबणं. रक्त द्यायला थांबा, रिपोर्टला थांबा, नंबर लागेपर्यंत थांबा, मग सलाईन संपेपर्यंत चार-चार तास थांबा. मी फोन काढून बसायचे आणि त्यावरही आजाराबद्दलच वाचायचे. रात्री अंथरुणावर पडलं की छातीत धडधडायला लागायचं.

पहिल्या केमोनंतर पंधरा-वीस दिवसांत आईचे केस गेले. जन्मभर अंबाडा घालणारी बाई. रडली नाही, एवढंच म्हणाली, "गार लागतं गं डोक्याला." वॉर्डात एसी असायचा. विकतची टोपी आणली ती तिला टोचायला लागली. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक असते, आणि केस गेलेल्या डोक्याची कातडी फार हळवी होते. मग मऊ सुती दोरा आणला आणि टोपी आपणच विणायची असं ठरवलं.

शिकवलं ते शेजारच्या खोलीतल्या एका अमरावतीकडच्या बाईंनी. त्यांच्या यजमानांना तोंडाचा कॅन्सर होता. त्या म्हणाल्या, "दोनच टाके असतात बाई, सुलटा अन् उलटा. बाकी सारं त्यातूनच निघते." शंभर टाके घालून दिले आणि दोन सुलट, दोन उलट अशी वीण चालू करून दिली. अशी वीण ताणली जाते, म्हणून माप थोडं चुकलं तरी टोपी डोक्याला बसते.

चौथ्या दिवशी मला दिसलं की आठ ओळी खाली एक टाका निसटलाय आणि तिथून शिडीसारखी रेघ वर आलीय. मला तिथेच रडू कोसळलं. बाईंनी माझ्या हातातून विणकाम घेतलं, क्रोशाच्या सुईने तो टाका एकेका ओळीतून वर ओढत आणला आणि परत सुईवर चढवला. पुढे एकदा माझी वीणच चुकली होती, तेव्हा त्यांनी सरळ सुई उपसली, दहा ओळी उसवल्या आणि दोरा गुंडाळून माझ्या हातात दिला. दोरा होता तेवढाच होता. त्या महिन्यांत आमच्या घरात जे जे घडत होतं त्यातलं काहीच मागे घेता येत नव्हतं. ही टोपी मात्र हवी तेवढी मागे घेता येत होती. मला सगळ्यात जास्त धीर त्या उसवण्याने दिला.

आणखी एक गोष्ट झाली, जी कुणी सांगितली नव्हती. विणताना हात आणि डोळे गुंततात, कान मोकळे राहतात. एरवी मी आईच्या पलंगाशी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि ती माझी समजूत काढत राहायची. माझी नजर सुयांवर गेली तशी ती बोलायला लागली. माहेरच्या विहिरीबद्दल, माझ्या जन्माच्या वेळच्या पावसाबद्दल, आणि एकदा मरणाच्या भीतीबद्दल. मी मान वर केली असती तर ती थांबली असती. तुमच्या वडिलांना बोलायला त्रास होत असेल तर त्यांच्याकडे सतत बघणारं माणूस त्यांनाही जड जात असेल. तुम्ही शेजारी विणत बसलात तर सोबतही राहील आणि त्यांना जरा मोकळं वाटेल.

यावर थोडा अभ्यासही झालाय. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या एका नियतकालिकात ३,५४५ विणणाऱ्यांची पाहणी छापून आली. जे वारंवार विणतात त्यांनी शांत आणि बरं वाटतं असं जास्त प्रमाणात सांगितलं. पण उत्तरं देणारे सगळे आधीपासूनच विणण्याची आवड असलेले होते, म्हणून मी त्याला औषधाचा दाखला म्हणणार नाही. पंधरा दिवस करून बघा. हातांना आवडलं नाही तर सोडून द्या, त्यात काहीच गैर नाही.

सुरुवात करायची तर ८ नंबरच्या सुया घ्या. आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, त्यामुळे १२ नंबर नवशिक्याला नको. दोरा मध्यम जाडीचा आणि फिक्या रंगाचा घ्या. काळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत, आणि रात्रीच्या दिव्यात तर नाहीच नाही. तीस टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलट विणा. त्याचं काय होणार हे आत्ता ठरवू नका. वडिलांच्या दुबळ्या हातात दोऱ्याचा गुंडा धरायला दिला तर चालेल का, हे त्यांच्या फिजिओथेरपिस्टना विचारून बघा.

आणि हे मनापासून सांगते : झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे उडालं असेल, जगणं नको वाटत असेल, तर फक्त सुयांवर भिस्त ठेवू नका. डॉक्टरांशी बोला. मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तो फुकट आहे.

आता शिवण्याबद्दल. आई २०१९ मध्ये गेली. त्यानंतर मला विणता येईना. सुया हातात घेतल्या की वॉर्डातला तो वास यायचा. विणकाम माझ्यासाठी थांबण्याचं काम होतं, आणि आता कशासाठी थांबायचंच उरलं नव्हतं. वर्षश्राद्ध झाल्यावर आत्या राहायला आली आणि तिने आईची ट्रंक उघडून साड्या बाहेर काढल्या. "वाकळ शिवू," म्हणाली. (गोधडीला आमच्याकडे वाकळच म्हणतात.) मी म्हटलं, साड्यांना कात्री लावू देणार नाही. ती म्हणाली, "कापायच्या कशाला? घड्या घालायच्या."

सुती साड्या तेवढ्या घेतल्या. सिंथेटिक साडी थरात सरकते, ती बाजूला ठेवली. चार साड्या आत, एक वर, एक खाली, सगळं जमिनीवर ताणून अंथरलं आणि आधी लांब लांब कच्चे टाके घातले, म्हणजे थर हलत नाहीत. मग कडेपासून आत, फेऱ्यावर फेरा, धावदोरा. एवढ्या थरांतून सुई काढायला बोटात जोर लागतो. अंगुस्तान, म्हणजे बोटाची टोपी, घातलं नाही तर दुसऱ्या दिवशी बोट धरवत नाही. मी, आत्या आणि शेजारच्या काकू तीन बाजूंनी बसायचो. विणताना मी एकटी असायचे, इथे एकटं बसताच येत नव्हतं. वाकळ तेवढी मोठी असते की शेजारी कुणीतरी लागतंच. हिरव्या इरकलीच्या काठावरून टाका जाताना काकू म्हणाल्या, "ही ती तुझ्या मुंजीतली ना?" मुंज भावाची होती, पण मग तिघी त्या मुंजीबद्दलच तासभर बोलत राहिलो. आईचं नाव घरात पुन्हा सहज निघायला लागलं ते त्या दीड महिन्यात.

यंदा घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढली तेव्हा ती वाकळ मी बाजूला ठेवली होती. आत्तापर्यंत एकदाही धुतली नव्हती. दुपारी आत्याचा फोन आला, वाकळ धुतली का असं तिने विचारलं, मी खरं ते सांगितलं. "शिवलेलं धुवायचंच असतं," ती म्हणाली. भिजवल्यावर ती एवढी जड झाली की पिळायला दोघं लागलो. गच्चीवर टाकली. दोन दिवस कडक ऊन होतं, वाळली.