दोन मुलांचा कोड सेम निघाला, आता काय करू?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्सचं प्रॅक्टिकल घेते. यावेळी ६८ मुलांच्या लिंक्ड लिस्टच्या (एकमेकींना जोडलेल्या नोंदींची यादी, त्यातली एकेक नोंद म्हणजे नोड) असाइनमेंट मॉस या कोडमधला सारखेपणा शोधणाऱ्या टूलमध्ये टाकून बघितल्या तर दोन मुलांचा कोड ८४ टक्के जुळतोय असं आलं. दोघंही शपथेवर सांगतायत की आम्ही स्वतः लिहिलाय. एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात सरळ दोघांना झिरो द्या. मला ते पटत नाही पण सोडून देणंही बरं वाटत नाही.

उत्तर: झिरोची घाई अजिबात करू नका, आधी ते ८४ टक्के कशाचे आहेत ते बघा. मॉस हे ॲलेक्स आयकन यांनी १९९४ मध्ये केलेलं टूल, ते कोडचे बारीक तुकडे करून त्यांचे ठसे जुळवतं, त्यामुळे व्हेरिएबलची नावं बदलली, कमेंट उडवल्या, फंक्शन वर-खाली केली तरी फसत नाही. पण कोणी कोणाचं उतरवलं हे त्याला कळत नाही, फक्त सारखेपणा कळतो. तुम्ही मुलांना मेनू आणि स्ट्रक्चरचा सांगाडा दिला होता का? दिला असेल तर तो बेस फाइल म्हणून लावून, म्हणजे तेवढा भाग मोजणीतून वगळायला सांगून, परत चालवा, आकडा धाडकन खाली येऊ शकतो. आणि सुरुवातीला नोड घालायचं फंक्शन चार ओळींचं, ते ६८ जण ६८ प्रकारे कसं लिहिणार हो?

खरी खूण चुकांमध्ये सापडते. माझ्याकडे एकदा दोन मुलांच्या कोडमध्ये शेवटचा नोड डिलीट करताना प्रोग्रॅम तस्साच अडकायचा आणि दोघांनीही एक व्हेरिएबल डिक्लेअर करून कुठेच वापरलं नव्हतं. असं काही दिसलं तर टक्के ४० असले तरी बोलायला बसा.

बसा म्हणजे दोघांना वेगवेगळं, लॅबमध्ये मशीनसमोर, आणि कोड पाठ म्हणायला नका लावू, छोटा बदल करायला सांगा, लिस्ट उलटी करून दाखव म्हणा. ज्याने लिहिलाय तो अडखळेल पण हात कुठे घालायचा ते त्याला माहीत असतं. घाबरलेल्या मुलाला पाणी द्या, पाच मिनिटं द्या, तोंडी परीक्षेला गप्प होणारी हुशार मुलं मी खूप बघितलीत. होस्टेलवर एकत्र बसून केला असेल तर तेही विचारा, कारण किती चर्चा चालेल हे आपण आधी सांगितलं होतं का हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. चॅटजीपीटीचा संशय असेल तरी हाच मार्ग, एआय ओळखणाऱ्या टूलवर विसंबू नका, ओपनएआयने स्वतःचंच तसलं टूल नीट ओळखत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं.

हार्वर्डच्या सीएस५० या कॉम्प्युटर सायन्सच्या सुरुवातीच्या कोर्समध्ये २०१४ पासून एक नियम आहे, मुलाने ७२ तासांत स्वतः येऊन कबूल केलं तर त्या कामाचे मार्क जाऊ शकतात पण प्रकरण शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वर जात नाही (वारंवार केलं तर गोष्ट वेगळी). तुमच्या वर्गात हे पुढच्या असाइनमेंटपासून सुरू करता येईल, मुलाला परत यायला दार उघडं राहतं.

एचओडींना आत्ताच सांगून ठेवा की दोघांशी बोलून झाल्यावर लेखी रिपोर्ट देते, तोपर्यंत मार्कशीटमध्ये तो रकाना रिकामाच राहू दे.