गृहकर्ज घोटाळ्यांचा सरकारी तपास आणि एका रुपयाची किंमत

गृहकर्जांतील आणि एकूणच आर्थिक घोटाळ्यांचा तपास सरकार खरोखर गांभीर्याने करते, की छापे, अटक आणि दोन दिवसांच्या बातम्या यांवरच प्रकरण थांबते, असा आपला प्रश्न आहे. बँकेच्या कर्ज विभागात 27 वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मोठ्या प्रकरणांत तपास होतो आणि तो बऱ्यापैकी कसूनही होतो. परंतु तो उशिरा सुरू होतो, आणि आरोपीला शिक्षा होण्याचा रस्ता व बुडालेले पैसे परत येण्याचा रस्ता आपल्याकडे वेगवेगळे असल्यामुळे, पहिल्या रस्त्यावरची धावपळ पाहून दुसऱ्या रस्त्यावरही काही हालत असेल असे धरून चालणाऱ्या माणसाची निराशा होते.

हे दाखवण्यासाठी दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजेच डीएचएफएलचे उदाहरण पुरेसे आहे, कारण ते मुंबईतले आहे आणि नेमके गृहकर्जाचे आहे. सीबीआयने मार्च 2021 मध्ये नोंदवलेल्या गुन्ह्यानुसार या कंपनीच्या वहीखात्यांत वांद्र्याची एक शाखा होती, जी प्रत्यक्षात कोठेच नव्हती. या कागदावरच्या शाखेत 2007 ते 2019 या काळात सुमारे 2 लाख 60 हजार बनावट गृहकर्ज खाती उघडली गेली, त्यांवर 14,046 कोटी रुपयांची कर्जे दाखवली गेली आणि त्यातील 11,755 कोटींहून अधिक रक्कम वेगवेगळ्या कंपन्यांकडे वळवली गेली, असा आरोप आहे. ज्यांनी आपले कर्ज कधीच फेडून टाकले होते अशा जुन्या ग्राहकांचे तपशील या खात्यांसाठी वापरले गेले. म्हणजे ज्या गृहस्थाने शेवटचा हप्ता भरून समाधानाने घराची मूळ कागदपत्रे परत आणली, त्याच्याच नावाने हे दुसरे कर्ज त्याच्या नकळत सुखाने नांदत होते. प्रधानमंत्री आवास योजनेखालील व्याज अनुदानही या खात्यांच्या आधारे मागितले गेल्याचे सीबीआयचे म्हणणे आहे. डिसेंबर 2018 मध्ये कंपनीने स्वतःच गुंतवणूकदारांना 88,651 प्रकरणांत या अनुदानाचे 539.4 कोटी रुपये मिळाल्याचे आणि आणखी 1,347.8 कोटी येणे असल्याचे सांगितले होते.

आता तारखा पाहाव्यात. खाती 2007 पासूनची, निधी वळवल्याचे जाहीर आरोप जानेवारी 2019 मधले, रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले नोव्हेंबर 2019 मध्ये, आणि बनावट खात्यांबाबतचा गुन्हा 2021 मधला. मधली सारी वर्षे गृहवित्त कंपन्यांवर देखरेख राष्ट्रीय आवास बँकेची होती. ते नियमन रिझर्व्ह बँकेकडे आले ऑगस्ट 2019 मध्ये, म्हणजे घर जळून झाल्यावर. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी (पीएमसी) बँकेतही असेच घडले. तेथे एचडीआयएल या बिल्डर समूहाशी संबंधित 44 कर्जखाती लपवण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवली गेल्याचा आरोप आहे, आणि सप्टेंबर 2019 मध्ये खुद्द व्यवस्थापकीय संचालकानेच रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून लपवाछपवीची कबुली दिली. एवढी वर्षे तपासणी करणाऱ्या पथकांच्या हाती जे लागले नाही, ते आतल्या माणसाच्या पत्राने बाहेर आले. गांभीर्याचा खरा अभाव मला येथे दिसतो. तपास यंत्रणेवर आपण जो राग काढतो, त्यातला निम्मा तरी देखरेख यंत्रणेच्या वाट्याचा आहे.

गुन्हा नोंदल्यानंतर मात्र यंत्रणा हातावर हात ठेवून बसली, असे म्हणता येणार नाही. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, डीएचएफएलचे प्रवर्तक वाधवान कुटुंबीय गृह विभागातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले, हे महाराष्ट्राला चांगले आठवत असेल. ते पत्र जेवढे लाजिरवाणे होते, तेवढेच हेही खरे की त्याच महिन्यात सीबीआयने त्यांतील कपिल आणि धीरज या बंधूंना येस बँकेच्या आधीच्या प्रकरणात तेथूनच ताब्यात घेतले. पुढे डीएचएफएलने 17 बँकांची 34,615 कोटींची फसवणूक केल्याच्या प्रकरणात जून 2022 मध्ये गुन्हा, 19 जुलैला अटक आणि 15 ऑक्टोबरला 75 आरोपींविरुद्ध दोषारोपपत्र असा क्रम झाला. हे दोषारोपपत्र 88 व्या दिवशी दाखल झाले. 90 दिवसांची मुदत चुकली असती तर आरोपींना आपोआप जामिनाचा हक्क मिळाला असता. तरीही तपास अपुरा असल्याच्या मुद्द्यावर खालच्या न्यायालयाने जामीन दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे जामिनाचा हा एकच मुद्दा निकाली निघायला वर्षाहून अधिक काळ लागला. कायदा दोन्ही बाजूंना असतो, यात गैर काही नाही, पण आपल्याला जी दिरंगाई दिसते तिचा मोठा भाग असा बनलेला असतो.

आता पैशांचा रस्ता. डीएचएफएल डिसेंबर 2019 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि 2021 मध्ये पिरामल समूहाने ती 34,250 कोटींना घेतली. सुमारे 87,000 कोटींचे दावे मान्य झाले होते. मुदत ठेवीदारांच्या वाट्याला एकूण दाव्याच्या जेमतेम 23 टक्के आले. गृहवित्त कंपनीतील ठेवींना बँक ठेवींसारखे विमा संरक्षण नसते, हे आपल्याकडच्या कित्येक निवृत्त मंडळींना त्या दिवशी प्रथम कळले. परंतु सर्वांत बोलका तपशील वेगळाच आहे. फसव्या व्यवहारांतून बाहेर गेलेले सुमारे 45,000 कोटी रुपये पुढेमागे वसूल झाले तर ते कोणाला मिळावेत, यासाठी कंपनी खरेदीदाराकडे सोपवण्याच्या आराखड्यात त्या संभाव्य वसुलीची किंमत एक रुपया धरली गेली आणि तिचा लाभ खरेदीदाराला दिला गेला. अपील न्यायाधिकरणाने 2022 मध्ये फेरविचार सांगितला, पण एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ आराखडाच कायम ठेवला, कारण व्यावसायिक निर्णय धनको समितीचा, म्हणजे कंपनीला कर्ज देणाऱ्यांच्या समितीचा असतो. कायद्याच्या चौकटीत हे बसते, हे मी मान्य करतो. तरीही सीबीआयने उद्या यातली पै न पै शोधून काढली, तरी ठेवीदाराच्या खात्यात त्यामुळे भर पडणार नाही, हे त्या एका रुपयाने ठरवून टाकले आहे.

सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) मालमत्ता परत मिळवून दिल्याचे आकडे आपण वाचले असतील. डिसेंबर 2024 मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत 22,280 कोटींचा आकडा दिला. त्यातील 14,131 कोटी एकट्या विजय मल्ल्या प्रकरणातले असून ते सरकारी बँकांकडे गेले. आकडा खरा आहे, पण तो सामान्य ठेवीदाराचा नाही.

छोट्या प्रकरणांची गत निराळी असते. ठाणे जिल्ह्यातील एका सदनिकेवर आमच्या बँकेने कर्ज दिले होते. हप्ते थकल्यावर मी ताबा नोटीस चिकटवायला गेलो, तर दारावर दुसऱ्या एका बँकेची नोटीस आधीच चिकटलेली होती आणि तिची कडा उन्हाने पिवळी पडली होती. बिल्डरने एकच सदनिका दोघांना विकली होती, दोन्ही वेळा इंडेक्स टू, म्हणजे विक्रीच्या नोंदणीचा उतारा, रीतसर निघाला होता, आणि आमच्या पॅनेलवरील वकिलाने मालकीहक्काच्या तपासणीचा अहवाल, म्हणजे सर्च रिपोर्ट, बहुधा कार्यालयातच बसून लिहिला होता. पोलीस ठाण्यात पहिल्या दोन खेपांना 'हा दिवाणी मामला आहे' एवढेच ऐकून परतलो. गुन्हा नोंदला गेला तेव्हा आमची मूळ कागदपत्रे मुद्देमाल म्हणून जमा झाली. मला साक्षीचे समन्स आले ते निवृत्तीनंतर. तोवर कर्ज मंजूर करणाऱ्या तिघांपैकी एक वारले होते. असा दुहेरी तारणाचा प्रकार पकडण्यासाठीच 2011 मध्ये केंद्रीय तारण नोंदणी सुरू झाली आणि महाराष्ट्रात 2013 पासून दुय्यम निबंधकाकडे तारणाची सूचना दाखल करणे सक्तीचे झाले. माझ्या मते या दोन रटाळ नोंदींनी जेवढी फसवणूक रोखली, तेवढी शंभर छाप्यांनी रोखली नसेल.

बिल्डर आणि बँक यांच्या संगनमताबाबत आपण शेवटी विचारले आहे. ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरेल, या योजनेत बँकांनी बांधकाम न पाहता रकमा थेट बिल्डरांना दिल्या आणि ग्राहक घराविना कर्जदार ठरले. याची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सीबीआयकडे सोपवली आणि जुलैमध्ये दिल्ली राजधानी परिसरातील प्रकल्पांबाबत 22 गुन्हे नोंदवण्यास परवानगी दिली. ग्राहकांच्या तक्रारी त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या.

आपली स्वतःची ठेव अडकलेली असेल, तर फौजदारी तपासाच्या भरवशावर थांबू नये. दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली असल्यास जाहीर सूचनेतील मुदतीत दावा दाखल करावा, ठेवीदार संरक्षण कायद्याखाली सक्षम प्राधिकारी नेमला गेला असल्यास त्याच्याकडेही नाव नोंदवावे, आणि पोलिसांना मूळ पावती देण्यापूर्वी तिची साक्षांकित प्रत काढून पंचनाम्याची नक्कल मागून घ्यावी.